पूजलेलं धनुष्य

मुक्ताच्या तयारीची सूत्रं मी स्वतःच्या हाती घेतली, हा माझ्या आयुष्यातला अतिशय गंभीर निर्णय होता. (माझी बायको वच्छला त्याला वेगळा शब्द वापरते.)

मुक्ता आमची मुलगी, नववीत. पडेगावहून रोज सायकलनं मैदानावर जायची, क्लबनं घरी न्यायला दिलेल्या धनुष्यानं नेम साधायची. जिल्ह्याची निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती, आणि धनुष्य पूर्ण ताणलं की पोरीचा हात थरथरायचा. क्लबचे सर म्हणाले, "हातानं नाही, पाठीनं ओढायचं असतं. महिनाभर रबरी पट्टा ओढू द्या, प्लँकचा व्यायाम करू द्या. थरथर थांबली नाही, तर यंदा नाव देता येणार नाही."

मग मी रोज पहाटे शिट्टी घेऊन अंगणात खुर्ची टाकायला लागलो. मुक्ता पट्टा ओढायची, भरलेली बादली धरून उभी राहायची. मी चहा पीत आकडे मोजायचो. (मोजणं हेही श्रमाचंच काम आहे. ऑफिसात मी दुसरं काय करतो?)

दसऱ्याला आमच्या आईनं, दगडाबाईनं, देवापुढं विळा, कुऱ्हाड आणि मधोमध ते धनुष्य मांडलं. हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाली, "पूजलेलं हत्यार घरच्या कारभाऱ्यानं एकदा चालवावं लागतंय बाबा."

मुक्ता ओरडली, "पप्पा, नुसतं उचला! बाण न लावता दोरी सुटली तर धनुष्याची पाती तडकतात!"

पण महिनाभर शिट्टी फुंकलेला माणूस नुसतं उचलतो होय? मी दोरी थेट हनुवटीपर्यंत ओढली. आणि पाठीत उसण भरली.

"पप्पा, सोडू नका!"

"सोडत नाय! पण धरवत बी नाय!"

"मग हळूच पुढं न्या!"

"पाठ हलंना गं!"

"लई शोभतंय माझ्या लेकराला," असं म्हणत आईनं मला ओवाळायला घेतलं.

हसू नका. उद्या निवड, दुसरं धनुष्य नाही, आणि पोरीची महिनाभराची मेहनत माझ्या तीन बोटांवर लटकलेली. त्यातलं एक तर राजीनामा देऊन मोकळं झालं होतं. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. (आईला वाटलं, उदबत्तीच्या धुरानं.)

मुक्ता मागून आली. डावा हात माझ्या मुठीवर ठेवला, उजव्या हाताची बोटं दोरीत अडकवली. "सोडा आता. मी धरलंय."

मी सोडलं. तिनं तो सगळा ताण पेलला आणि सावकाश दोरी जागेवर नेली. हात जराही थरथरला नाही. मी मटकन खाली बसलो. इतका आनंद आणि इतकी लाज मला एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुक्ताची निवड झाली. यादी वाचून सर हात पुढं करत थेट माझ्याकडं आले. माझा हात काही वर येईना. शेवटी वच्छलानं तो उचलून त्यांच्या हातात दिला. सरांनी माझा दंड चाचपला आणि गंभीर चेहऱ्यानं मुक्ताला म्हणाले, "यांना दहा वर्षांखालच्या पोरांचा रबरी पट्टा दे. त्यातलाही मऊ बघून."