सात सळयांची बेल

"सर! ओ सर! हात अडकला! जल्दी या!"

मी बोंबलत होतो. उजवा हात मनगटापर्यंत बन्सी सरांच्या भिंतीत, डाव्या हातात सरांच्या बायकोनं, शकूकाकूंनी मागवलेली भेंडी, आणि आतून सरांचा थंडगार आवाज.

"बेल वाजली न्हाई. म्हंजी कोणी आलेलं न्हाई."

"अहो, मी ओरडून राह्यलो ना!"

"ओरडणं हा वेगळा विषय हाय, दत्ता. बेल वाजव."

अख्ख्या तीर्थपुरीत, आणि माझं ऐकाल तर अख्ख्या महाराष्ट्रात, न वाजणारी अशी बेल दुसरी नाही. वीज नाही, बटण नाही. भिंतीबाहेर नारळाएवढा लाकडी डबा, त्याला भोक. डब्यातून निघालेल्या सात वाकड्या सळया भिंतीतून आरपार आत गेलेल्या, आणि आतल्या टोकाला सरांच्या वडिलांच्या मेंढरांची पितळी घंटा. डब्यात हात घालायचा, आतली मूठ पिरगाळायची, की सळया फिरून घंटा वाजणार. असं सर म्हणतात. वाजलेली कोणी ऐकली नव्हती.

सर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. मी त्यांचाच नापास विद्यार्थी. त्यांच्या मते ही बेल नव्हेच, रिसेप्टर आहे. "पेशीच्या अंगावर असे हजारो दरवान उभे असतेत," सर सांगतात. "अर्धा भिंतीच्या बाहेर, अर्धा आत. निरोप्या येतो, पण आत येत न्हाई बरं का! बाहेरच्या खोबणीत बराबर बसतो. तो बसला की दरवान अंग मुरडतो. वरून मुरडला की आतलं बूड सरकतं, अन् आतले लोक कामाला लागतेत. निरोप्या बाहेरच. निरोप आत!"

'मुरडतो' म्हणताना सर स्वतः मुरडतात. खांदे डावीकडे, कंबर उजवीकडे. एसटी स्टँडवर मुरडतात, दवाखान्याच्या रांगेत मुरडतात. एका लग्नात नवरीच्या मामाला रिसेप्टर समजावताना असे मुरडले, की बँडवाल्यांना वाटलं सरांना नाचायचंय. त्यांनी जोरात सुरू केलं. मामाही नाचला. सर्वांत हळहळण्यासारखं म्हणजे, मामाला रिसेप्टर तेवढ्यात समजत आला होता.

सरांचं आणखी एक खूळ. दर बाजाराला ते शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणतात. घरात शिलाई मशीन नाही. गल्लीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो डोक्याला लावतात, दुसरा म्हणतो पितात. मी दोन्ही पक्षांत आहे.

सळया वाकवून दिल्या होत्या नासीरभाईंनी. सर आणि नासीरभाई लहानपणापासून एका ताटातले. नासीरभाई जालन्याला एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पोरपणी कडबाकुट्टीनं खाल्लेली. उरलेल्या तीन बोटांनी सळई अशी वाकवायचे, जणू शेवई. भंगारातल्या सळया वजनावर घेऊन मोटारसायकलवर बांधून आणल्या, आणि सरांच्या वर्गासाठी हा रिसेप्टर उभा केला.

त्याच्या उद्घाटनाला सर इतका वेळ बोलले, की बोलायला लागताना काळ्या असलेल्या माझ्या मिशा संपेपर्यंत पिकल्या. मिलमधली रात्रपाळी करून थेट आलेले नासीरभाई पहिल्या बाकावर बसले, आणि रिसेप्टर मुरडायच्या ऐन क्षणाला घोरले. वर्ग हसला. सर कडाडले, "नासीर! पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नको!"

नासीरभाईंनी एक डोळा उघडला. "न्हाई ठेवत."

माणूस शब्दाचा पक्का. नाहीच ठेवला. पुढं निवृत्त होऊन जालन्याला पोराकडे गेले. ईदचा शीरखुर्मा तेवढा माझ्या टेम्पोतून येतो. सर तो चाटूनपुसून खातात, डबा घासून परत देतात, आणि कोणी पाठवला ते विचारत नाहीत. जालन्याची बस आली, की मात्र हातातलं पुस्तक उलटं धरून ओट्यावर वाचत बसतात. कॉलेजनं मॉडेल अडगळीत टाकल्यावर सरांनी ते घरी आणून भिंतीत बसवलं, आणि त्याच भिंतीत आता माझा हात होता.

सर अखेर बाहेर आले. सोडवायचं राहिलं बाजूला, चेहरा असा फुलला की जणू मी पेढे घेऊन आलोय.

"व्वा! अडकला! दत्ता, हलू नको!" शिकवणीची पोरं घरातून आणून ओट्यावर बसवली. "हे बघा. ह्यानं खोबण धरली. पण सळई हलली का? न्हाई. आता खरा निरोप्या आला तरी त्याला जागा न्हाई, अन् आत बातमी न्हाई. माझी बीपीची गोळी काळजात हेच करती, नुसती जागा अडवून बसती. ह्याला आजपासून गोळी म्हणा!"

तेव्हापासून तीर्थपुरीत माझं नाव गोळी. वजन एक क्विंटल.

शेवटी शकूकाकू गोडेतेलाची वाटी घेऊन आल्या. तेल सोडून हात इकडंतिकडं फिरवताना मला आत दोन लाकडी खुंट्या लागल्या. बरोबर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जातं तिथं. पाच बोटांच्या माणसाचा हात तिथंच अडणार, मुठीपर्यंत पोचणारच नाही.

मी काकूंकडं पाहिलं. काकू हळूच म्हणाल्या, "सुताराकडून मुद्दाम ठोकून घेतल्यात ह्यांनी. विचारलं तर म्हणतेत, खोबण ज्याची त्यालाच बसली पाहिजे. तू कोणाला बोलू नको."

मला बोलू नको म्हणणं म्हणजे बैलाला शिंगं घरी ठेव म्हणणं. पुढच्याच खेपेला बियाण्याची पोती जालन्याच्या एमआयडीसीत उतरवली आणि टेम्पो नासीरभाईंच्या दारात लावला. ते बाजेवर बसले होते.

"बन्सीनं ते मॉडेल घराला लावलं म्हणे. आवाज कसाय?"

"कोणी ऐकलाच न्हाई. कोणाच्याच हाताला वाजत न्हाई, नासीरभाई. आत दोन खुंट्या हायेत." मी माझी शेवटची दोन बोटं धरून दाखवली. "इथं."

नासीरभाईंनी आपला उजवा हात पालथा-उताणा करून बघितला. मग म्हणाले, "टेम्पो कधी निघून राह्यला?"

तीर्थपुरीत टेम्पो थांबला. सरांच्या दारापुढं उतरले आणि ओट्याच्या अलीकडं थांबले. पाय रस्त्यावरच ठेवून अख्खं अंग असं पुढं लांबवलं, की मला वाटलं आता माणूस दोरीसारखा तुटतो. हात डब्यात गेला. आपल्याच सदऱ्याच्या खिशात जावा तसा गेला. मनगट वळलं, साती सळया एकदम मुरडल्या, आणि आत घंटा वाजली.

घंटेनं कुत्रं उठलं, जे गल्लीला आजवर शोभेचं वाटत होतं. कुत्र्यानं कोंबड्या उठवल्या. काकूंच्या हातून ताटली पडली, स्टो पेटल्याचा आवाज आला, शेजारचं तान्हं पोर रडायला लागलं. दारात एक हात हलला आणि घरात धा कामं! सर इतकी वर्षं हेच घसा फोडून सांगत होते.

सर दारात आले. एका पायात चप्पल. ताठ उभे राहिले. मुरडायचं आयुष्यात पहिल्यांदा विसरले.

"पाय खालीच हाय माझा," नासीरभाई म्हणाले. "बघून घे."

सरांनी खरोखर वाकून बघितलं.

नासीरभाईंनी हात बाहेर काढला, तीन बोटं एकमेकांवर चोळली. "गंजली असंल म्हणलं होतं मी. लोण्यावानी फिरली की रे."

"तेल घालतो," सर म्हणाले.

"कधी?"

"दर बाजाराला."