माझं बुडालेलं जहाज आणि दुपारची शांतता

निवडणुकीच्या दिवशी दुपारी मी एका जुन्या खेळाचं संगीत सुधारायचं ठरवलं. काम एवढंच होतं.

मी लोथार वेन्डिश. जन्मभर गवंडीकाम केलं. तेव्हा लाइपझिगमधल्या आमच्या बागवसाहतीचा अध्यक्ष. प्रत्येकाला बागेचा एक तुकडा, त्यात एक खोपी, आणि सगळ्यांवर मी. दुपारी एक ते तीन कसलाही आवाज करायचा नाही, हा नियम माझ्या आजोबांच्या वेळचा. जो मोडेल त्याचं नाव सभेत उभं राहून वाचायचं, ही भर माझी. (पेट्झोल्डबाईंचं नाव मी दोनदा वाचलं. एकदा गवत कापायच्या यंत्रासाठी, एकदा शिंकेसाठी.)

खोपीतल्या संगणकावर मी एक जुना आरमारी खेळ खेळतो. माझी बायको ट्राउडल त्या दिवशी म्हणाली, "लोथार, तुझ्या लढाईत तोफा आहेत की डास?"

तिचं खरं होतं. या जुन्या खेळांत संगीत भरलेलं नसतं. नुसते सूर लिहिलेले असतात. वाद्यं संगणकाने पदरची वाजवायची. माझ्या संगणकाच्या पदरी एक पिपाणी होती. त्यावर एक प्रोग्राम मिळतो. त्याला खऱ्या वाद्यांच्या आवाजांची फाइल दिली की तेच सूर अख्खा बँड घेऊन येतात.

"तीनला निवडणुकीची सभा आहे. आज राहू दे," ट्राउडल म्हणाली.

"गवंडी भिंत अर्धी सोडत नाही."

"मागच्या कुंपणाची सोडलीस की."

मी संगणक सुरू केला. ती आलुबुखाऱ्याचा केक घेऊन सभागृहाकडे गेली.

प्रोग्राम बसवला. फाइल दिली, सगळ्यांत मोठी. मग त्याने विचारलं, आवाज कुठून काढू? खाली यादी. मी पहिलं नाव निवडलं. यादीत पहिलं नाव प्रमुखाचं असतं. वसाहतीच्या यादीत माझं होतं. हेडफोन कानांना लावला (नियम म्हणजे नियम) आणि खेळ सुरू केला.

कानात काही नाही. आवाज वाढवला. काही नाही. शेवटपर्यंत वाढवला. तरी काही नाही.

वैतागून हेडफोन काढला, तर बाहेर रणशिंगं आणि नगारे.

ऐन दुपार. माझं डोकं फिरलं. माझ्या कानात तर शांतता होती, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाचं तरी. जहाज तसंच वादळात सोडून मी बाहेर पडलो.

आरामखुर्च्या सोडून सगळी वसाहत सभागृहापुढे जमली होती. पेट्झोल्डबाई पुढे. त्याही अध्यक्षपदाला उभ्या होत्या.

"कोण आहे तो हलकट?" मी विचारलं.

"तुम्हीच शोधा, अध्यक्ष महाराज," पेट्झोल्डबाई म्हणाल्या.

"शोधणारच. आणि आजच्या सभेत त्याचं नाव वाचीन. कोणीही असो."

"शब्द?"

"गवंड्याचा शब्द."

"कुंपणासारखा अर्धा नाही ना?" मागून कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात रणशिंगं थांबली. एकटी बासरी रडू लागली, मागून संथ घंटा. एका म्हातारीने डोळे पुसले. मलाही धून ओळखीची वाटली. माझं जहाज बुडालं की ती वाजते.

मी वर पाहिलं. सभागृहाच्या छपरावर कर्णा. सभेच्या घोषणांसाठी सकाळी मीच तो माझ्या संगणकाला जोडून ठेवला होता, बिनतारी.

"मग, कोणाचं नाव वाचताय?" पेट्झोल्डबाईंनी विचारलं.

तीनला मी उभा राहिलो आणि वाचलं. मोठ्याने, नियमाप्रमाणे.

मग मतदान झालं. आमच्याकडे हात वर करून मत देतात. माझ्या बाजूने एक हात वर गेला, तो माझा. ट्राउडलच्या दोन्ही हातांत केकचा ट्रे होता.

ठेवायला जागा नव्हती, असं ती म्हणते. समोरचं टेबल मी स्वतः रिकामं करून ठेवलं होतं, विजयानंतरच्या बिअरसाठी.