दुसरेपणाचं कार्ड

सांगलीत कॉम्प्युटरचे सुटे भाग दुकानात विकत मिळत नाहीत; त्यांच्या घरी जाऊन रीतसर मागणी घालावी लागते. तयार, जोडलेला कॉम्प्युटर हवा तर मिळतो, पण तो दुसऱ्याच्या पसंतीनं थाटलेला संसार, आणि त्याचे भावही तसेच. बेताच्या पैशांत गेमिंगचं यंत्र हवं असेल, तर माणसानं इस्त्रीचा शर्ट घालावा, पाव किलो पेढे घ्यावेत आणि घरोघरी जाऊन बसावं. पूर्वीपासून असंच चालत आलं आहे आणि कुणाची तक्रार नाही.

मुकुंद तासगावकरकडे इस्त्रीचे शर्ट दोन होते. वय चव्वेचाळीस, नोकरी पालिकेत, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. आयुष्यात खेळ म्हणून काही खेळला असेल तर शाळेत लंगडी, तीही आऊट होईपर्यंतच. त्याला कसला आलाय गेमिंगचा शौक! पण त्याची अकरा वर्षांची मुलगी अन्विता घटस्फोटानंतर आईबरोबर ठाण्याला राहायची, आणि निकालपत्रात लिहिलं होतं की बापलेकीची भेट दर रविवारी चार ते पाच, मुलगी सांगेल त्या जागी. अन्वितानं जागा सांगितली. एका नव्या गेममध्ये एक बंदर आहे, तिथल्या लाकडी धक्क्यावर. कोर्टाच्या साहेबांनी ती जागा पडद्यावर पाहून घेतली, हरकत नाही म्हणाले आणि शिक्का मारला.

शिक्क्याच्या वर आणखी एक ओळ होती. वडील सलग तीन रविवार भेटीच्या जागी न दिसल्यास भेटीचा हक्क संपेल.

मुकुंदचा जुना लॅपटॉप तो गेम उघडताना धापा टाकायचा आणि मान टाकायचा. दोन रविवार असे गेले. सोमवारी सकाळी मुकुंदनं आठवडाभराची रजा टाकली आणि दमयंतीबाई अष्टेकरांच्या सूचक मंडळाचा जिना चढला.

दमयंतीबाईंनी त्याच्यापुढे फॉर्म सरकवला. त्यात एक रकाना 'अपेक्षा' असा होता आणि त्याच्याखाली दुसरा, 'ऐपत'. मुकुंदनं पहिल्यात लिहिलं, "मुलीला मी दिसलो पाहिजे." दुसऱ्यात लिहिलं, "पन्नास हजार."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तासगावकर, प्रोसेसर मिळेल. रॅम मिळेल. मदरबोर्डाचं बघू. पण गेममध्ये माणूस दिसणं सगळं ग्राफिक्स कार्डाच्या हातात असतं. बाकीचे मोजतील, लक्षात ठेवतील, आवाज ऐकवतील. दाखवणार ती. आणि हल्ली कार्डांची घरं फार चढून बसलीयेत."

"शनिवारपर्यंत व्हायला हवं," मुकुंद म्हणाला.

"सगळ्यांना शनिवारपर्यंतच हवं असतं," बाई म्हणाल्या आणि वही उघडली.

प्रोसेसर खरोखरच लवकर जमला. विश्रामबागेतलं साधं, मध्यमवर्गीय घराणं होतं. मुलगा सहा कोअरचा, डोक्यानं बरा, तापट नाही. त्याच्या वडिलांनी एवढंच विचारलं की मदरबोर्डाचं सॉकेट कोणतं. माणसांत सगोत्र चालत नाही, यांच्यात सगोत्रच लागतं. सॉकेट वेगळं निघालं तर पत्रिका कितीही जुळो, पिना वाकतात. दमयंतीबाईंनी बघून ठेवलेल्या मदरबोर्डाचं सॉकेट तेच निघालं. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले आणि मंगळवारी सुपारी फुटली. मुकुंदला त्या आकड्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. त्याच्या स्वतःच्या लग्नात एकतीस जुळले होते.

रॅमच्या दोन जुळ्या बहिणी होत्या. त्यांना वेगळं करायचं नाही या अटीवर त्या आल्या. एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, मिरजेच्या एका विधुराकडचा होता आणि कुठेही जायला तयार होता. कॅबिनेट म्हणजे घर. ते मुकुंदनं काचेचं नको, पत्र्याचं घेतलं. राहिले अठरा हजार आणि ग्राफिक्स कार्ड.

बुधवार ते शुक्रवार मुकुंद सात घरी जाऊन आला. पहिल्या घरी कार्ड मखमलीवर ठेवलेलं होतं आणि वडील आत फोनवर बोलत राहिले. दुसऱ्या घरी आईनं विचारलं, "आमच्या मुलीला साडेसहाशे वॅट लागतात. तुमच्याकडे साडेपाचशेच. म्हणजे अर्धपोटी राहायचं का तिनं?" तिसऱ्या घरी प्रोसेसरचं नाव ऐकूनच सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "मुलगा वाईट नाही," काका म्हणाले, "पण हळू आहे हो. आमची पोरगी काम आटपून त्याची वाट बघत बसणार." चौथ्या घरी कार्डाच्या वडिलांनी मुकुंदचीच चौकशी केली.

"आधीचं मोडलंय म्हणे तुमचं?"

"हो."

"का?"

मुकुंदनं बराच विचार केला. या प्रश्नाचं उत्तर त्याला निकालपत्र हातात पडल्यावरही सापडलं नव्हतं. "मी घरी असायचो," तो शेवटी म्हणाला, "पण तिला मी दिसायचो नाही."

"असं होय," ते म्हणाले. "बरं. कळवतो."

सातही घरांनी निरोप देताना हेच म्हटलं. ज्यानं स्थळं बघत चपला झिजवल्या आहेत, त्याला कळवतो म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. नाही म्हणायला लोकांना जड जातं, म्हणून ते कळवतो म्हणतात, दारापर्यंत सोडायला येतात आणि पेढे मात्र ठेवून घेतात. मुकुंदही दर वेळी "बरं, कळवा" म्हणून जिना उतरायचा. शुक्रवारी सातव्या घरून निघताना त्याला कळेना की बसस्टॉपवर कुठल्या बाजूला उभं राहायचं. तो नुसताच उभा राहिला. तिसरा रविवार परवावर आला होता आणि ज्या मुलीचे सगळे दात पडून परत आलेले त्याला माहीत होते, ती एका धक्क्यावर एकटी उभी राहून वाट बघणार होती. शेवटी त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

संध्याकाळी दमयंतीबाईंचा फोन आला.

"तासगावकर, दुसरेपणाची चालेल का? स्पष्ट विचारते. कवठे महांकाळची आहे. आधी ते बिटकॉइनसारखे कॉइन काढणाऱ्यांच्या घरी दिली होती. तीन वर्षं नांदली. मग मामानं परत आणली."

"दुसरेपणाचा मीही आहे," मुकुंद म्हणाला.

कार्डाचे मामा दाजी कवठेकर. शनिवारी सकाळी नऊला ते दारातच उभे होते. कार्ड पाटावर बसवलेलं होतं, खाली क्रोशाचा रुमाल. तिचे दोन पंखे होते, एकाची कड थोडी झिजलेली. कार्डं थोरांसमोर बोलत नाहीत. जे काही सांगायचं ते दाजीच सांगत होते.

"लपवायचं काय काम न्हाई," दाजी म्हणाले. "तिकडं एका खोलीत चाळीस जणी होत्या. दिवस न्हाई, रात्र न्हाई, नुसतं राबायचं. कुणी कधी एक चित्र दावायला सांगितलं न्हाई पोरीला. नुसती गणितं. चित्र दावायला जन्मली वो ती."

"माझं काम चित्राचंच आहे," मुकुंद म्हणाला. "एक धक्का आहे, समुद्र आहे. तिथे मला उभा केलेला दाखवायचा. आठवड्यातून एक तास."

पाटावरच्या कार्डाचा झिजलेला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला.

"पसंती हाय," दाजी म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि आत जाऊन अटींची याद घेऊन आले. कलमं सात होती. कार्डाला उन्हात ठेवू नये. धूळ महिन्यातून एकदा पुसावी. वॅट पुरेसे द्यावेत, तोडून बोलू नये. तिच्याकडून कॉइन काढून घेऊ नयेत. आधीच्या घराचा विषय काढू नये. तिला विकू नये. सातवं कलम होतं, आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावी.

"तीन वर्षांत एक वार मिळाला न्हाई पोरीला," दाजी म्हणाले.

मुकुंद लगेच म्हणाला, "द्यायलाच हवी. सुटी म्हणजे सुटी. त्यात कुणी हात घालायचा नाही." वीस वर्षं तो खिडकीतून लोकांना सांगत आला होता, नीट वाचा, मग सही करा. त्यानं सातही कलमं नीट वाचली आणि सही केली.

दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये जोडणी झाली. प्रोसेसरला गार ठेवणारी पेस्ट लावताना दमयंतीबाईंनी दोन ओळी गुणगुणल्या. एसएमपीएसच्या विधुर मालकानं सगळ्या वायरी आपल्या हातानं जोडल्या आणि एक पेढा खाऊन तो निघून गेला. संध्याकाळी सहाला मुकुंदनं घरी बटण दाबलं आणि पडदा उजळला.

बंदर होतं. पाणी हलत होतं, अगदी पाण्यासारखं. धक्क्याच्या टोकाला चौकटीचा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता, थोडा पोक काढून, आणि तो मुकुंद होता. कार्डानं त्याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा दाखवली होती. मुकुंदनं हात वर केला, त्यानंही केला. कित्येक वर्षांत आपण इतके नीट दिसलो नव्हतो असं मुकुंदला वाटलं. त्यानं कॅबिनेटवर हात ठेवला आणि "फार छान," असं म्हणाला. आतला पंखा हलकेच फिरत होता.

रविवारी साडेतीनला अंघोळ करून, दुसरा इस्त्रीचा शर्ट घालून तो बसला. बटण दाबलं. प्रोसेसरचा पंखा फिरला, कॅबिनेटचा फिरला. पडदा काळाच राहिला. त्यानं बाजूचा पत्रा काढून पाहिलं. कार्ड गार होतं आणि तिचे दोन्ही पंखे स्थिर होते.

त्यानं दाजींना फोन लावला.

"आज रविवार न्हवं का?" दाजी म्हणाले. "सुटी हाय तिला."

वीस वर्षं पालिकेत काढलेल्या माणसाला सुटीचा वार कोणता, असा प्रश्न पडत नाही. सुटी म्हणजे रविवार, हे त्याला इतकं ठाऊक होतं की कलम वाचताना भेटीचा वारही तोच, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. कार्डाच्या तर नाहीच. तिला सगळे वार सारखेच होते, तिनं आपला सगळे घेतात तोच घेतला.

"दाजी, बुधवार नाही का चालणार? फक्त आज एक तास. मुलगी उभी आहे हो माझी."

"तुम्हीच म्हणालात की, सुटी म्हणजे सुटी. त्यात कुणी हात घालायचा न्हाई." दाजींचा आवाज कडक नव्हता, उलट अवघडलेला होता. "पयला रविवार हाय तिचा. निजलीय ती. उठली की इचारतो. कळवतो."

याद मोडली तर सगळे भाग आपापल्या घरी जातात, हा नियम मुकुंदला माहीत होता. पण नियम नसता तरी त्याच्यानं तिला हलवून उठवलं गेलं नसतं. उघड्या पत्र्यातून तो तिच्याकडे बघत राहिला. झिजलेल्या कडेवर थोडी धूळ बसली होती, ती त्यानं फुंकर न घालता तशीच ठेवली.

चारला स्पीकरमधून लाटांचा आवाज आला. बाकीचे भाग कामावर होते.

"बाबा?"

"आलोय," मुकुंद म्हणाला. "मी आलोय, अनू."

"आवाज येतोय तुझा. कुठे आहेस?"

"धक्क्यावर. टोकाला."

पावलं वाजली, लाकडावरून पळत येणारी. मग थांबली.

"मीपण टोकालाच आहे. तू नाहीयेस इथे."

"आहे. दिसत नाहीये फक्त."

मग ती शाळेतली गोष्ट सांगू लागली. तिच्या बाईंना कावीळ झाली होती, आणि तिनं केस कापले होते, खांद्यापर्यंत. कसे दिसतात, असं तिनं विचारलं. छान दिसतात, असं मुकुंद काळ्या पडद्याकडे बघत म्हणाला. पाच वाजायला पाच मिनिटं असताना कागदाची सळसळ ऐकू आली.

"बाबा, कोर्टाचा फॉर्म भरायचाय. वडील दिसले का, असं विचारलंय. मी हो लिहिते."

"बरं."

"पण फोटो जोडायला सांगितलाय." ती घुटमळली. "काढू?"

"काढ."

"हलू नकोस हं."

मुकुंदनं कॉलरचं बटण लावलं. खुर्चीत ताठ बसला, पोक जाईल इतका ताठ, आणि काळ्या पडद्याकडे बघून हसला. तो अजिबात हलला नाही.

"झाला," अन्विता म्हणाली. तिनं फोटो उघडून पाहिला. "नुसता समुद्र आलाय, बाबा."

"जोड तोच."

"मग पुढच्या रविवारचं?"

"तू सांग."

"आई म्हणते, आता ते कोर्टाच्या ऑफिसातूनच सांगतील." तिचा आवाज बारीक झाला होता. "ते कळवतील म्हणे."

"बरं," मुकुंद म्हणाला. "कळवू दे."

लाटांचा आवाज थांबला. मुकुंद थोडा वेळ तसाच बसून राहिला, अजून फोटो काढायचा राहिला असावा तसा. खिडकीतून उतरतं ऊन आत आलं होतं आणि उघड्या पत्र्यातून सरकत कार्डापर्यंत पोचत आलं होतं. तो खुर्चीचा आवाज न करता उठला आणि त्यानं खिडकीचा पडदा ओढून घेतला.