केशोरावांची सतरा डोकी

"पस्तीस वर्षं जनरल डबे सांभाळले पाळकसाहेब, हे लेकरं काय चीज आहेत!" असं भर चर्चमध्ये बोलून केशोरावांनी आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

केशोराव रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. गोंदियाबाहेर, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या त्या छोट्या चर्चचं संडे स्कूल सहा वर्षं चेतना एकटी चालवत होती. आता तिला दवाखान्यात रविवारचीही ड्युटी लागू लागली होती. मदतीला कोणी आलं नाही तर वर्ग बंद, असं पाळकसाहेबांनी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मंडळी गीतपुस्तकात मान घालून बसली. शेवटी केशोरावांना राहवलं नाही.

"घरी सवताचा चष्मा सापडत नाही, अन् लेकरं सांभाळाले चालले," त्यांच्या पत्नी सुमित्राबाई पुटपुटल्या.

रविवारी चेतनाने मुलं मोजून दिली. "अठरा आहेत, काका," म्हणाली आणि ड्युटीला पळाली. आत उपासना सुरू झाली. मागच्या ओसरीवर केशोरावांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट हातवारे करून सांगितली. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून एकाला शोधायला निघतो, तिथे तर मुलं श्वास रोखून बसली. केशोराव खूश झाले आणि जुन्या सवयीने त्यांनी डोकी मोजली. सतरा. पुन्हा मोजली. सतराच!

चर्चच्या मागे बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं, होती आणि बोडीत गळ्याइतकं पाणी. केशोराव ताडकन उठले.

"कोन गेलं रे इथून?"

"कोनीच नाही गेलं, आजोबा," दहा वर्षांचा ओमेश म्हणाला.

पण 'मी तिकीट काढलं होतं' हे वाक्य आयुष्यभर ऐकलेल्या माणसाचा असल्या बोलण्यावर विश्वास बसत नाही. "इथंच बसा!" असं ओरडून ते बोडीकडे धावले. तिथे गावातल्या धुरपताबाई कपडे धूत होत्या.

"बाई, लेकरू दिसलं काय?"

"कोनाचं?"

"मालूम नाही."

"पोरगा का पोरगी?"

"तेही मालूम नाही."

"मंग हरवलं हे कसं मालूम पडलं, बाप्पा?"

केशोरावांनी सगळा काठ पालथा घातला. धापा टाकत परत आले, तर ओसरी रिकामी! एकाच्या शोधात बाकीचीही गेली. ते पायरीवर मटकन बसले. आता वर्ग बंद होणार आणि तोही आपल्यामुळे. त्यांना खरोखर रडू कोसळलं.

एवढ्यात रस्त्याकडून गलका ऐकू आला. "सापडले! आजोबा सापडले!" पुढे ओमेश, मागे पोरं, त्यांच्या मागे पाळकसाहेब आणि उपासना अर्धवट सोडून आलेली अख्खी मंडळी.

"अरे, तुमी काऊन उठले?"

"तुमीच सांगतलं न, एक हरवला तं सगडं सोडून त्याले पाहाले जाव लागते!"

"पन तुमच्यातलं एक लेकरू..." केशोरावांनी पुन्हा मोजलं. सतरा. सुमित्राबाईंनी मोजलं. अठरा.

"हे चंदा दिसत नाही काय तुमाले? तुमचंच बोट धरून उभी आहे!"

"तिले कायले मोजाचं? चार वर्षांची आहे ते. पाच वर्षांखाली तिकीट ला..." आणि केशोरावांनी जीभ चावली.

मंडळी पोट धरधरून हसली. हसणं ओसरल्यावर पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "मग केशोराव, पुढच्या रविवारी?"

चंदाने अजून बोट सोडलं नव्हतं. केशोरावांनी डोळे पुसले.

"येतो. पन हे एकट्याचं काम नोहे, साहेब. एक हरवलं तं एकानं पाहाले जाव लागते, अन् बाकीच्याइजवळ एकानं बसाव लागते. त्या पोरीनं सहा वर्षं एकटीनं कसं निभावलं, देवच जाने. दुसरं कोन येते, बोला!"

मंडळी आपापल्या चपलांकडे पाहू लागली. अखेर सुमित्राबाईंनी पदर खोचला.

"लिहा माझं नाव," त्या नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "लेकरं तं शाहनी आहेत. याइले सांभाळाले मानूस पायजे."