डाव्या टोकाची हकीकत

श्री मैदानभवानी रक्षण करो. ऐकणारांस सबुरी देवो आणि लिहिणारास खरे तेच लिहिण्याचे बळ देवो.

"पाय पाहा रे, पाय. चेंडू काय, सगळे जग पाहते." ऐसा खर्जातला एक आवाज हैबतराव सुरवसे यांचे कानी तीस वर्षांमागे पडला होता, तो त्यांच्या वस्तादांचा, वस्ताद कधीच मातीआड जाहले, परंतु मैदानाकडे नजर गेली कीं आवाज उठे, आणि मग हैबतरावांची दृष्टी आपोआप खाली, धुळीकडे, गड्यांच्या टाचांकडे जाई. त्या दृष्टीस जे दिसले आणि त्यांनी जे सांगितले नाही, त्याची ही हकीकत. शके सतराशे पंचावन्न, विजयनाम संवत्सर, नाव विजय आणि फळ उलटे; राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील लोक अद्याप हयात आहेत आणि अद्याप भांडतच आहेत.

त्या राज्यात प्रत्येक थोर पाठशाळेची एक चेंडूफौज असे. झुंज लागली म्हणजे अकरा गडी इकडचे आणि अकरा तिकडचे उभे राहत. इकडचा एक गडी मागे उभा राहून चेंडू हाती घेई आणि दूर धावणाऱ्या आपल्या गड्यास नेमका फेकून देई, त्यास फेकनाईक म्हणत. शत्रूचे गडी त्या नाईकास फेकीआधीच भुईस लोळवावयास धावत, म्हणोन त्याचे पुढे पाच धिप्पाड गडी खांद्यास खांदा लावून उभे राहत, त्यांस तट म्हणत. तट तीन श्वास टिकला तर नाईक राजा, आणि एकच श्वास टिकला तर नाईक माती. परंतु दफ्तरी नाईकाचेच नाव लिहिले जाई, किती फेकी केल्या, किती लागल्या, किती वेळा पडला. तटाच्या पाचांचे नाव लिहिण्याचा परिपाठ नव्हता, कारण तट उभा राहिला तर काही घडतच नाही, आणि जे घडले नाही ते कारकुनाने लिहावे कैसे? आणि तटाची आपली एक रीत होती, कीं भरतीचे दिवशी गड्याने खांद्यास मैदानाची माती लावून शपथ घ्यावी, दुखणे सांगणार नाही म्हणोन. जो सांगेल तो तटाचा नव्हे.

हैबतराव आपल्या तरुणपणी बारा वर्षे तटाचे डाव्या टोकास उभे राहिले होते आणि आता त्याच जागी त्यांचे चिरंजीव अंबाजी उभे होते. घरात अक्षर शिकलेले तेच पहिले. पाठशाळेचे अन्न आणि आसन त्यांस मिळे ते त्या जागेपायी, जागा गेली कीं अन्न गेले. भाद्रपदात सराव चालला असता अंबाजींचा डावा गुडघा करकन वाजला, आणि ते रात्रभर उशी चावून निजले, आणि पहाटे बापाने आंबेहळदीचा लेप घालून पट्टी आवळली आणि म्हणाले, "कोणास दिसता कामा नये. उजव्यावर भार दे. छातीने अडवू नकोस आता, वळसा दे." वळसा म्हणजे जुन्या तटगड्यांची एक युक्ती: धावून येणारास समोरून न रोखता बाहेरच्या अंगाने वाट द्यावी, मग पाठीस हात लावून त्याच्याच वेगाने त्यास लांब, नाईकाचे मागून, रिकामा लोटून द्यावा, मात्र नाईकाने त्याच क्षणी दोन पावले पुढे सरावे, नाही तर तो धावणारा नेमका त्याच्या पाठीवर जातो. अंबाजी म्हणाले, "आबा, मग नागोजीस सांगू का, पुढे सर म्हणून?" हैबतराव म्हणाले, "सांगशील तर विचारील, वळसा का देतोस? आणि गुडघा उघडा पडेल. गप्प राहा. नाईक आपसूक पुढे सरतात, आमच्या वेळचे सगळे सरत." ही चूक. दुसऱ्या कोणा मनुष्याने ती केली नसती, दुखणे न सांगण्याची शपथ घेतलेल्या जुन्या तटगड्यानेच करावी.

कारण त्या सालचा फेकनाईक नागोजी लवटे. हा धनगराचा पोर, घाटमाथ्यावर मेंढरे वळताना गोफणीने धोंडे फेकून हात तयार झालेला. शंभर पावलांवरची चुकार मेंढी एका खड्याने वळवावी, आणि खडा मेंढीस न लागावा, ऐसा हात. त्यास नव्या वस्तादाने शिकविले होते कीं तट पाठीराखा आहे, आपल्या जागी पाय रोवून उभा राहा आणि नजर दूर ठेव. तो तसाच उभा राहिला. मग आश्विनातील पहिल्या झुंजीत पाच वेळा पडला आणि झुंज हरली.

झुंज सरली म्हणजे मैदानाबाहेर चिंचेखाली कैवाऱ्यांची सभा भरे, त्यात ज्यांनी जन्मात चेंडू धरला नाही ते सर्वांहून मोठ्याने बोलत. बाळंभट पाटणकर हे त्यांतील अग्रणी, ते उठले आणि म्हणो लागले, "मी मोजले आहे. चार श्वास चेंडू हाती! चार! एवढ्यात माझी संध्या आटोपते." तों चिमाबाई तांबोळीण पानास चुना लावीत म्हणाली, "भटजी, तुमची संध्या आम्ही पाहिली आहे हो, तिला अर्धा श्वास पुष्कळ." मग हशा पिकला, आणि भट चिडले आणि म्हणाले, "चिमे, तुला काय कळते? पाऊल पुढे टाकावे कीं नाही त्याने? खुंटासारखा उभा!" ती म्हणाली, "आणि तट काय करतो? त्या पोराच्या अंगावर दोन दोन रेडे येऊन बसतात, त्याने फेकावे काय, आपले कपाळ?" "तट जैसा होता तैसाच आहे. पाचही गडी गेल्या सालचे. नवा कोण? नाईक! मग दोष कोणाचा?" या हिशेबास पुष्कळांनी माना डोलविल्या. हैबतराव चिंचेच्या मुळीवर बसले होते, त्यांस कोणी विचारले, "राव, तुम्ही जाणते, तुम्ही सांगा," तेव्हा ते धोतराचा सोगा झाडून म्हणाले, "पुढच्या झुंजीत पाहू." आणि उठले. टाचा त्यांनी पाहिल्या होत्या. झुंजभर डाव्या टोकाची डावी टाच एकदाही भुईस टेकली नव्हती.

मग कार्तिकात दुसरी झुंज जाहली, आणि त्यात नागोजी नऊ वेळा पडला, आणि रयत त्यास पाहून मेंढरासारखी बें बें करू लागली. पोरे, बाया, शेंडीवाले, पागोटेवाले, सगळे. तिसऱ्या दिवशी नागोजी हैबतरावांच्या दारी आला, बरगडीस हात धरून पायरीवर टेकला. हैबतरावांनी पाणी आणि गूळ पुढे केला. तो म्हणाला, "काका, मला मारणारा दिसतच नाही. पाठीमागून येतो. लोक म्हणतात पुढे सर, पण मधल्या तिघांच्या पाठी तिथे असतात, उगाच सरलो तर त्यांच्यावरच आदळतो. डावीकडून कोणी सुटत असेल तर मी सरेन, धाव बघून पाय हलवीन. तुम्ही त्या जागेवर बारा वर्षे काढलीत. खरे सांगा, डावे टोक टिकते ना?" आत माजघरात अंबाजी गुडघ्याखाली उशी घेऊन निजले होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि बापाचे ओठापर्यंत आले, नदी काठापर्यंत यावी तैसे आले, आणि परतले. हैबतराव म्हणाले, "टिकते." तेवढेच म्हणाले. नागोजीने मान हलविली, जैसे अंगावरचे एक ओझे उतरले, आणि म्हणाला, "मग दोष माझाच असेल. चेंडू लवकर सोडीन. आणि काका, मी विचारले हे अंबाजीस सांगू नका, त्यास वाटेल मी चुगली केली. तो फार झटतो." आणि गुळाचा खडा तसाच हातात घेऊन गेला.

मग मार्गशीर्ष लागला आणि तिसरी झुंज आली. ऊन कोवळे, मैदानावर दवाचा ओलावा, आणि शत्रूकडे उजव्या अंगास एक नवा गडी, वाघरासारखा चपळ. पहिल्या तीन डावांत नागोजीने चेंडू झटपट सोडला आणि तिन्ही फेकी लागू पडल्या, आणि लोक ओरडावयाचे विसरले. चिमाबाई उठून नाचली म्हणतात. चौथ्या डावास लांब फेक हवी होती, लांब फेकीस तीन श्वास लागतात. नागोजीने पाय रोविले, नजर दूर ठेविली, डावीकडे पाहिलेही नाही, कारण डावे टोक टिकते हे त्याने जाणत्याच्या तोंडून ऐकले होते. अंबाजींनी वळसा दिला. गुडघा मुरडला, पाठीस हात पोचला नाही, आणि तो गडी मोकळा सुटला. हैबतराव पाय पाहत होते, म्हणोन सर्वांआधी त्यांस कळले, आणि ते "नागू, पुढे!" म्हणून ओरडले, परंतु त्या वेळी वीस हजार माणूस ओरडत होते, त्यात एका म्हाताऱ्याचे काय ऐकू येणार? हात उचललेला, चेंडू बोटांवर, त्या क्षणी धडक बसली, आणि भर सुगीत जोंधळ्याचे ताट मोडावे तैसा आवाज होऊन उजवा हात खांद्याखाली मोडला. आणि आपल्याच बाजूच्या काही लोकांनी टाळ्या पिटल्या, कीं आता तरी नवा नाईक येईल. हे लिहावयास लाज वाटते, परंतु घडले म्हणोन लिहिले.

दुसरे दिवशी तिसऱ्या प्रहरी चिंचेखाली सभा भरली, एवढी मोठी कीं लोक फांद्यांवर बसले. बाळंभटांनी दरबारास अर्ज लिहून आणिला होता तो वाचिला: नागोजी लवटे भित्रा, हट्टी आणि सांगितले न ऐकणारा असोन तीन झुंजी त्याने हरविल्या, सबब त्याचे पाठशाळेतील अन्न व आसन बंद करावे आणि त्यास त्याच्या मेंढरांकडे परत लावावे. चिमाबाई म्हणाली, "अरे, हात मोडला त्याचा! थोडी तरी लाज?" भट म्हणाले, "हात मोडला म्हणून काय झुंज जिंकली?" आणि तेथील परिपाठ ऐसा होता कीं कैवाऱ्यांचा अर्ज दरबारी जावयाचा तर पहिली निशाणी सर्वांत जुन्या तटगड्याची, मातीत अंगठा बुडवून, त्यावाचून अर्ज घेत नसत. म्हणोन कागद आणि मातीचे ताट हैबतरावांपुढे आले.

इतक्यात गर्दीच्या कडेस खांद्यावर घोंगडे घेतलेला एक मनुष्य लोकांस विचारीत विचारीत पुढे आला. हा नागोजीचा बाप, सिदू लवटे, रातोरात घाट उतरून लेकास न्यावयास आला होता; त्यास हा खेळ ठाऊक नव्हता, जन्मात पाहिला नव्हता. तो हात जोडून म्हणाला, "मायबाप, माझ्या पोरानं काय केलं? कुणाचं काही चोरलं का? तो काहीच बोलंना, भिंतीकडं तोंड करून पडलाय. नुसतं म्हणतो, माझंच चुकलं." हैबतराव बसल्या जागेवरून म्हणाले, "चूक त्याची नव्हे. डाव्या टोकाने माणूस सुटत होता." सभेत गलका जाहला आणि भटांनी ताबडतोब लेखणी उचलली, "डाव्या टोकास अंबाजी सुरवसे! मग तसे म्हणा! नाव बदलतो, अर्ज तोच राहील." आणि खरेच नागोजीचे नाव खोडून अंबाजीचे लिहू लागले, आणि लोक म्हणाले, "हां, हे बरे," आणि अंबाजी काठी टेकून मागे उभे होते, त्यांच्याभोवती लोक दूर सरून मोकळे रिंगण पडले. भट कागद पुढे करून म्हणाले, "राव, अंगठा." तेव्हा हैबतरावांनी ताट बाजूस सारिले आणि उभे राहिले.

सारांश इतकाच कीं तो अर्ज दरबारी गेला नाही; नागोजीचे अन्न राहिले, परंतु हात पुन्हा खांद्यावर चढला नाही आणि वैशाखात तो आपण होऊन घाटावर गेला; अंबाजींनी जागा सोडिली आणि बापाशी बोलणेही सोडिले; चौथी झुंज नव्या नाईकाने हरविली आणि चिंचेखाली त्याच्या नावाने ओरड सुरू जाहली. हैबतराव त्या दिवशी भटांकडे न पाहता सिदू लवट्यांकडे पाहून जे बोलिले, ते फिरविले नाही, जैसेच्या तैसे लिहून लेखणी ठेवितो: "सिदबा, माझ्या पोराचा गुडघा भाद्रपदातच गेला होता. झाकला मी. वळसा शिकविला मी. तो म्हणत होता नागोजीस सांगू, मी म्हटले सांगू नकोस. मग तुझा पोर माझ्या पायरीवर आला आणि त्याने मला सरळ विचारले, काका, डावे टोक टिकते ना? आत माझे पोर निजले होते, मला तेवढेच दिसत होते, समोर बसलेले तुझे दिसले नाही. टिकत नव्हते, सिदबा. मला ठाऊक होते, आणि मी टिकते म्हणालो."