पाळणा लांबला

मूल हा उद्याचा नागरिक आहे, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. त्यामुळे त्याचे काम उद्या करावे, हे ओघानेच येते. आजच्या नागरिकांची कामे आज होत नसताना उद्याच्या नागरिकाने रांगेत पुढे घुसणे त्याच्या वयालाही शोभत नाही.

हे तत्त्व भाऊंनी निष्ठेने पाळले होते. भाऊ म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक आणि नगरपालिकेच्या बाल व युवक सेवा समितीचे अध्यक्ष. सख्खा भाऊ सोडून सगळे त्यांना भाऊ म्हणतात. (सख्खा भाऊ काय म्हणतो, ते इथे छापता येणार नाही.) समितीत सात सदस्य असून त्यांचे सरासरी वय एकसष्ट आहे. पूर्वी ते चौसष्ट होते, पण युवक प्रतिनिधी आल्यावर एकदम खाली आले. युवक प्रतिनिधी त्रेचाळीस वर्षांचे आहेत, आणि अजून शिकण्याची तयारी आहे असे ते स्वतःच सांगतात.

समितीचे काम डोळ्यांत भरण्यासारखे आहे. बागेत घसरगुंडी बसवली आहे. तिची शिडी दुसऱ्या टप्प्यात येणार असल्याने मुले सध्या घसरगुंडीवरूनच वर चढतात आणि तिच्यावरूनच खाली येतात, त्यामुळे व्यायाम दुप्पट होतो. युवक मार्गदर्शन केंद्र उघडले आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येक युवकाला, केंद्र आता कुठे हलवले आहे, याचे मार्गदर्शन मिळते. बालवाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी लावली, आणि पुस्तकेच न आल्याने ती पाटी आजतागायत कोणी मोडलेली नाही. भाऊंनी वॉर्डातली शेकडो बाळे कडेवर घेतली होती. फोटोग्राफर 'झालं' म्हणेपर्यंतच घेतली होती, पण प्रेमाने घेतली होती.

अशा या सुरळीत कारभारात भाऊंच्या घरातूनच व्यत्यय आला. त्यांची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ती एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. रजा महिनाअखेर संपत होती, आणि एक तारखेला ती हजर झाली नाही तर तिची जागा दुसरीला देऊ, असे तिला स्वच्छ सांगण्यात आले होते. ती जागा तिने तीनदा परीक्षा देऊन मिळवलेली होती. जावई दूरच्या गावी नोकरीला होते. ते दिवसातून दोनदा फोन करून "बाळ कसंय?" असे विचारीत आणि आपला वाटा उचलीत.

"बाबा, वॉर्डात एक पाळणाघर काढा ना," मुलगी म्हणाली. "माझं एकटीचं नाही. मागच्या गल्लीत कपडे शिवायच्या कारखान्यात बायका जातात, त्या पोरं कुणाकुणाच्या दारात ठेवून जातात. कधी शेजारीण असते, कधी नसते."

"चांगली कल्पना आहे. उद्या बघू."

"उद्या म्हणजे तुमचं उद्या की कॅलेंडरातलं?"

भाऊंनी मदतीच्या आशेने पत्नीकडे पाहिले. त्यांना वॉर्डात सगळे वहिनी म्हणतात. वहिनी टॉवेल आणि पोहण्याची टोपी पिशवीत भरत होत्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या नगरपालिकेच्या तलावात पोहायला शिकत होत्या. भाऊंना विरोधक पाण्यात पाहत; वहिनींना मात्र आता सारा गाव खरोखरच पाण्यात पाहत होता.

"अहो, माझ्याकडे बघू नका," वहिनी म्हणाल्या. "मी दोन पोरं वाढवली. तुम्हाला धरून तीन. चौथं माझ्याच्यानं होणार नाही, मला परवापासून तरंगायला शिकवणार आहेत."

"मग याला सांभाळायचं कोणी?"

"अख्खा वॉर्ड सांभाळता म्हणे. हे तर आठ किलोचंय."

एवढे बोलून त्यांनी नातू भाऊंच्या मांडीवर ठेवला. उद्याचा नागरिक आजच्या आज मांडीवर आला आणि मांडी तात्काळ ओली झाली. भाऊंनी सवयीने फोटोग्राफरला शोधले. तो नव्हता, त्यामुळे बाळ नेमके केव्हा परत द्यायचे हे त्यांना कळेना. त्या संध्याकाळी भाऊंना बालकांच्या प्रश्नाची खरी तळमळ लागली.

पाळणाघराचा विषय तातडीने समितीपुढे आला. आता नगरपालिकेच्या कामकाजाची एक बारीकशी गोष्ट सांगणे भाग आहे. विषयपत्रिकेत 'शेरा' हा रकाना फार रुंद असतो, कारण कामापेक्षा शेरे जास्त असतात. त्यामुळे 'विषय' या रकान्याला जेमतेम तीन अक्षरांपुरती जागा उरते. टायपिस्टने इमानदारीने टाइप केले, तेव्हा 'पाळणा' एका ओळीत आला आणि 'घर' खालच्या ओळीत गेले. आणि एक ओळ म्हणजे एक विषय, हा नियम तर सर्वांनाच पाठ आहे.

"विषय चौथा, पाळणा," सचिवांनी वाचले. "विषय पाचवा, घर."

"अहो, ते एकच आहे," भाऊ म्हणाले.

सचिवांनी चष्मा काढला. "भाऊ, एकच कसं असेल? पाळणा घरात असतो. घर पाळण्यात नसतं."

हा युक्तिवाद समितीने माना डोलावून मान्य केला. युवक प्रतिनिधींनी तर तो वहीत उतरवून घेतला. दुरुस्ती करायची तर पुढच्या बैठकीत करावी लागली असती आणि पुढची बैठक एक तारखेनंतर होती. भाऊ मुरलेले होते. हाती आलेला अर्धा विषय सोडू नये, हे त्यांना कळत होते. त्यांनी पाळणा मंजूर करून घेतला. घर हा काही बालकांचा विषय नाही, म्हणून तो गृहनिर्माण समितीकडे गेला. तिथे घर मागणाऱ्यांच्या प्रतीक्षायादीत पाळण्याचे नाव चढले, आणि पाळण्याच्या उत्पन्नाचा दाखला मागवण्यात आला.

मंजूर झालेला पाळणा मग सर्व विभागांकडे अभिप्रायासाठी फिरला. उद्यान विभागाने कळवले की झोका आमच्याकडे आहे, एका बाजूची साखळी मिळाली की तो हलेल. सांस्कृतिक विभागाच्या मते पाळणा म्हणजे बाळाला निजवताना म्हणायचे गाणे. त्यांनी परीक्षक नेमून स्पर्धा जाहीर केली आणि पहिल्याच फेरीत तिन्ही परीक्षक झोपल्याने ती यशस्वी ठरवली. आरोग्य विभागाने कागद न वाचताच शिक्का मारला, कारण हा शब्द असलेल्या प्रत्येक कागदासाठी त्यांच्याकडे कुटुंबनियोजनाचा एक शिक्का तयार असतो. त्यावर लिहिलेले असते, 'पाळणा लांबवावा'.

शेवटी सगळे बांधकाम विभागाच्या इंजिनिअरपुढे आले. तो सरळ माणूस होता. इतके अभिप्राय वाचून त्यातली एकच सूचना त्याला अमलात आणण्याजोगी वाटली. त्याने आरोग्य विभागाला फोन लावला.

"पाळणा लांबवायचाय ना? किती लांबवू?"

"जितका लांबेल तितका चांगला," पलीकडून उत्तर आले. "निदान तीन वर्षं तरी."

तीन वर्षे म्हणजे किती फूट, याचे कोष्टक बांधकाम विभागाकडे उपलब्ध नव्हते. इंजिनिअरने वर्षाला सात फूट हा दर धरला. (तो कसा धरला, हे त्याला कोणी विचारले नाही. दर असला की लोकांचे समाधान होते.) अशा रीतीने एक तारखेच्या सकाळी मोकळ्या मैदानात एकवीस फूट लांबीचा पाळणा लोखंडी खांबांवर टांगला गेला. त्याची दोरी मनगटाएवढी जाड होती आणि ती ओढायला नऊ जण लागत. मार्गदर्शन केंद्र शोधत हिंडणारे नऊ युवक मैदानाशीच भेटले. त्यांना प्रथमच ठोस मार्गदर्शन मिळाले, ते म्हणजे 'ओढा'.

उद्घाटनाला गर्दी लोटली. भाऊंनी भाषणात सांगितले की ज्यांच्या हाती पाळण्याची दोरी ते जगाचा उद्धार करतात, आणि आज एकाच वॉर्डातले नऊ जण तो करणार आहेत. टाळ्या पडल्या. मुलगी बाळाला घेऊन पुढेच उभी होती. अंगात दवाखान्याचा पांढरा कोट, खांद्याला पर्स.

"बाबा, घर कुठंय?" तिने हळूच विचारले.

"दुसऱ्या टप्प्यात."

"आणि सांभाळणारी बाई?"

"तिसऱ्या."

तिने फक्त कोटाचे वरचे बटण काढले, आणि मग दुसरे काढले. हे उत्तर भाऊंनी हजारदा दिले होते, आणि ते देताना त्यांना कधी लाज वाटली नव्हती. आज वाटली. कान गरम होईपर्यंत वाटली.

पण फोटोसाठी पाळण्यात बाळ हवे होते. नातवाला एका टोकाशी ठेवण्यात आले आणि युवकांनी उद्धाराला सुरुवात केली. नऊ जणांच्या जोराने पाळणा एका अंगाला कलला आणि बाळ घरंगळत बरोबर मध्यावर जाऊन थांबले. तिथे कोणत्याही टोकाकडून कोणाचाही हात पोचत नव्हता, आणि मधली बाजू पुरुषभर उंच होती. बाळाने टाहो फोडला. इंजिनिअरने मोजमापे अचूक असल्याचे सांगितले. सचिवांनी दोन वर्षांवरील व्यक्तीला पाळण्यात प्रवेश देता येतो का, हे बघायला नियमावली उघडली. युवक प्रतिनिधींनी ज्येष्ठांना पुढे होऊ दिले.

भाऊंनी कोणाकडेच पाहिले नाही. चपला काढल्या आणि ते टोकाकडून पाळण्यात चढले. चार पायांवर रांगत रांगत ते नातवापर्यंत गेले. त्यांची सार्वजनिक जीवनातली ही पहिली सरळ वाटचाल होती. बाळाने त्यांची कॉलर मुठीत धरली, एक हुंदका दिला आणि ते गप्प झाले. भाऊ उठू लागले की ते रडे, आडवे झाले की थांबे. तेव्हा भाऊ आडवे झाले. थोड्या वेळाने आठ किलो ऊबदार ओझे त्यांच्या छातीवर घोरू लागले आणि कुठलाही फोटोग्राफर 'झालं' म्हणाला नाही. त्यांना फार बरे वाटले. इतके बरे त्यांना निवडून आल्यावरही वाटले नव्हते.

मुलीने घड्याळ पाहिले. मग बटणे पुन्हा लावली आणि टोकाशी जाऊन दुधाची पिशवी भाऊंच्या पायांकडे सरकवली.

"बाबा, दीड तासानं दूध. पाजल्यावर खांद्यावर घ्या, ढेकर आल्याशिवाय ठेवू नका. मी साडेपाचला येते."

"अगं, पण..." भाऊ कुजबुजले.

"हळू. उठेल तो," ती म्हणाली आणि भराभर चालू लागली.

वहिनींनी वर डोकावून पाहिले. "छान जमलंय तुम्हाला. मी तरंगायला चालले."

कारखान्याच्या भोंग्याला थोडा अवकाश होता. मागच्या गल्लीतल्या बायका हे सगळे पाहत होत्या. त्यांतली एक पुढे झाली, टोकाकडून रांगत आत गेली आणि तिने आपले बाळ भाऊंच्या डाव्या बाजूला ठेवले. "भाऊ, तुम्ही आहातच ना. जेवायच्या सुट्टीत येऊन बघून जाते." दुसरीने तसेच रांगत जाऊन उजव्या बाजूला ठेवले. भाऊंना नाही म्हणता येईना, कारण बोलले की मुले उठत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाळण्यात अकरा बाळे झाली होती आणि युवक आळीपाळीने, हलक्या हाताने दोरी ओढत होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठा फोटो आला. पाळण्याच्या उंच कडेमुळे भाऊ दिसत नव्हते. दिसत होते ते फक्त त्यांचे दोन तळवे, आणि खाली छापले होते, 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात'.

प्रकल्प सर्वोत्तम ठरला. पाळण्याची अधिकृत क्षमता अकरा बालके व एक नगरसेवक अशी नोंदली गेली. इतर वॉर्डांतूनही लगेच मागणी आली. पाळणे मिळतील, पण झोपायला नगरसेवक मिळत नाहीत, या एका अडचणीवर तो विस्तार अडकून आहे. समितीची पुढची बैठक पाळण्याभोवती उभ्याने, कुजबुजत झाली, त्यामुळे ती प्रथमच वेळेत संपली. भाऊंनी आतून विचारले, "त्या घराचं काय झालं?"

"यादीत आहे, भाऊ. उद्या..."

"आज," भाऊ आतून म्हणाले. "आजच्या आज. भिंती पाहिजेत, छप्पर पाहिजे आणि दोन बायका पाहिजेत. माझी पाठ गेलीय."

सचिवांनी नियमावली चाळली. 'आज' हा शब्द त्यांना तीत कुठे सापडला नाही. त्यांनी तसा शेरा मारला, आणि रकाना रुंद असल्याने तो सहज मावला.

वाचकहो, भाऊंना तुम्ही हसलात. खुशाल हसा, तुमच्या हसण्याने पाळणा हालला तरी भाऊंना चालते. पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ही कथा तुम्ही पहिल्या ओळीपासून इथपर्यंत सलग, एकदाही न उठता वाचलीत. याचा अर्थ तुमच्या घरचे पोर या क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी कडेवर आहे. (घरात पोर नसलेल्यांनी, आपण लहान असताना कोण वाचत बसले होते आणि कोण उठत होते, ते आठवावे.) कोणाच्या कडेवर आहे, ते जरा मान वर करून बघा.

किंवा राहू द्या. उद्या बघा.