बाहेरच्या माणसाचा पहिला प्रयोग

दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या रूइफोंटेन गावाच्या मनातली चोरांची भीती मी एका शनिवारी दुपारी तीन वाजता कायमची घालवणार होतो! नाटकच तसं लिहिलं होतं मी, तेही आपल्या आफ्रिकान्समध्ये. एक कुटुंब दहा वर्षं सात कुलपं लावून घरात बसतं. फाटकाबाहेर कोणीतरी उभं आहे म्हणून तीन अंक नुसतं थरथरतं. शेवटी कळतं, शेजारी संत्री द्यायला आलाय! तो बाहेरचा माणूस अर्थात मीच होणार होतो. गावात एवढा धीट दुसरा आहे कोण?

बायको अनेल गाडी घेऊन चर्चच्या हॉलवर पुढे गेली. मी दाढी चिकटवली, जुनाट कोट चढवला, संत्र्यांचं पोतं उचललं आणि फाटकाचं बटण दाबलं. वीज गेलेली! भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे अगदी. अशा वेळी फाटक हाताने उघडायची एक किल्ली असते. चोराला सापडू नये म्हणून मी ती इतकी झकास लपवली होती, की मलाही सापडेना!

शेवटी पोतं पलीकडे फेकलं आणि भिंत चढलो. घामाघूम होऊन चर्चच्या हॉलपाशी पोहोचतो, तर प्रेक्षक धडाधड बाहेर पळताहेत! पडदा उघडायच्या आधीच नाटक पडलं? अनेल गाडी सुरू करत होती.

"अगं, कुठे निघालीस?"

"घरी! गस्तीच्या ग्रुपवर समोरच्या बेट तान्नीचा मेसेज आलाय. चौदा नंबरची भिंत चढला कोणीतरी!"

"चौदा? ते तर आपलं घर!"

"मग बस ना लवकर!"

मी बाहेर पडायला आणि मेल्याने घुसायला एकच गाठ! प्रयोग गेला खड्ड्यात, आधी टीव्ही वाचवायला हवा होता.

फाटकापाशी सगळं गाव जमलेलं. बेट तान्नी, म्हणजे आमची बेट मावशी, नाटकाचं तिकीट घेऊनही 'बाहेर कोण पडणार बाई' म्हणत घरीच राहिलेली. ती खिडकीच्या गजांआडून ओरडत होती.

"तान्नी, कसा दिसत होता हो?" मी विचारलं.

"दाढीवाला! अंगात जुनाट कोट! आणि हे एवढं पोतं!"

"पोतंभर नेलं?" मी हातातलं पोतं छातीशी कवटाळलं. "अरे देवा, लुटलो की मी!"

अनेलने शांतपणे हात पुढे केला आणि माझी दाढी ओढून काढली.

आमच्या चर्चचे पाद्री पुढे आले. त्यांनी पोत्यातलं एक संत्रं सोललं, फोड तोंडात टाकली. "चोरीचा माल गोड आहे हो, फ्लोरिस!"

गाव पोट धरधरून हसलं. बेट तान्नी तर हसता हसता दार उघडून चक्क रस्त्यावर आली! म्हणाली, "असले चोर असतील तर घाबरायचं कशाला मेलं?"

आता प्रयोग पुढच्या शनिवारी आहे. तान्नीसकट सगळे येणार आहेत. बाहेरच्या माणसाची भूमिका पाद्रीबुवा करताहेत. मी जाणार नाही. सगळं गाव तिकडे असताना इथे घरांवर लक्ष ठेवायला कोणीतरी नको का?